परमिशनचं एवढं काय मनावर घेताय, ७७७ आहे ना

लिनक्सवर फाईल उघडताना परमिशन डिनाइड आलं की घाबरायचं नाही. फाईलचा मालक कोण, ग्रुप कुठला, आपला प्रोग्रॅम कुठल्या यूजरने चालतोय, असल्या चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात. आपण सरळ सीएचमॉड ७७७ (सीएचमॉड म्हणजे परवानग्या बदलायची कमांड) मारायचं. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, झाले ७, आणि ही खिरापत मालकाला, ग्रुपला, उरलेल्या जगालाही. भेदभाव नाही!

यूमास्कच्या, म्हणजे नवीन फाईलीच्या परवानग्यांतून काय कापायचं ते ठरवणाऱ्या आकड्याच्या, तर वाटेला जाऊच नका. बऱ्याच सिस्टिमवर तो ०२२ असतो, त्यामुळे नवीन फाईल ६४४ होते आणि फोल्डर ७५५, म्हणजे लिहिणार तुम्ही आणि वाचणार अख्खा गाव. डेटाबेसचा पासवर्ड टाकून ती कॉन्फिग फाईल बनवलीत ना, तिच्यावर एलएस -एल (परवानग्या दाखवणारी कमांड) मारा. परवानग्यांच्या शेवटच्या तीन खणांत पहिला आर, म्हणजे रीड, दिसतोय? तो मशीनवरच्या बाकी सगळ्यांसाठी, वेबसर्व्हरच्या यूजरसाठी पण, ज्याच्या एखाद्या जुनाट प्लगइनमधून उद्या कुणीतरी आत शिरणारच आहे. ०७७ केलंत तर फाईल ६०० होईल, पण मग लोक माणूसघाणा म्हणतील. उबंटूवाल्यांनी २१.०४ पासून नवीन होम फोल्डर ७५० केले, त्याआधी ७५५ होते तेव्हा कुणाचं काही अडलं होतं का? (ज्यांचं वाचलं गेलं त्यांना कळलंच नाही, ते सोडा.)

एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायचा प्रोग्रॅम) मात्र भारी खडूस. प्रायव्हेट की (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाईल) ६४४ असेल तर फार मोकळी आहे म्हणून वापरतच नाही. त्याच्या नादी न लागता पासवर्डनेच लॉगिन करा, आणि विसरायला नको म्हणून तो होममध्ये एका टेक्स्ट फाईलीत लिहून ठेवा.

तरीही अडलंच तर रूट (मशीनचा सर्वाधिकारी यूजर) होऊन -आर (आतल्या सगळ्यासकट) लावून ७७७. मी केलंय, रात्री दीडला, एक अपलोड फोल्डर चालेना म्हणून. खरं तर डॉट स्लॅश, म्हणजे हाच फोल्डर, लिहायचं होतं, डॉट राहिला आणि उरला नुसता स्लॅश, म्हणजे अख्खी मशीन. आरएम (फाईली उडवणारी कमांड) निदान नुसता स्लॅश बघून अडतो तरी, सीएचमॉड बिचारं काही विचारत नाही. सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डचं गुंतवलेलं रूप) असलेली शॅडो फाईल पण मोकळी झाली. अपलोड मात्र लगेच चालू झालं हं! मग दुसऱ्या टर्मिनलमध्ये सुडो (रूटच्या हक्काने कमांड चालवणारा) मारला तर तो म्हणे माझा सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम मालकाच्या हक्काने चालवणारी खूण) कुठाय, यूजर बदलणाऱ्या एसयूचंही तेच रडगाणं, एसएसएच सर्व्हर स्वतःच्याच होस्ट कीज (त्याच्या ओळखीच्या गुप्त फाईली) बघून नाक मुरडायला लागला, आणि ज्या एका टर्मिनलमध्ये रूट अजून उघडा होता तिथे मी सवयीने एक्झिट मारलं.