हेलियम, विजयदुर्ग आणि दरवर्षी फिरणारा तो मेसेज

ऑगस्ट उजाडला की ठाण्यातल्या आम्हा देवगडकरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: '18 ऑगस्ट 1868 रोजी नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना हेलियम वायूचा शोध लावला. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे हा त्याचा पुरावा.' नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत सगळे तो अभिमानाने पुढे ढकलतात. गावाची ओढ मलाही तेवढीच आहे, म्हणूनच सांगतो, हे खरं नाही.

त्या दिवशी लॉकयर भारतात नव्हतेच. युद्ध खात्यात कारकुनी करून उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करणारा हा माणूस तेव्हा इंग्लंडात होता. ग्रहण मात्र खरं. चंद्राची सावली विजापूर, जमखंडीवरून गुंटूर, मछलीपट्टणकडे गेली. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशात, त्यांना इतक्या ठळक रेषा दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या.

'ग्रहण पाहताना' हे शब्द तर लॉकयर यांच्या खऱ्या कामगिरीवरच पाणी फिरवतात. एरवी या ज्वाला का दिसत नाहीत? आकाशात विखुरलेला सूर्यप्रकाश त्यांना झाकून टाकतो. पण तोच प्रकाश स्पेक्ट्रोस्कोपमधून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडणाऱ्या उपकरणातून, लांबवर पसरवला, तर आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत वाटला जाऊन फिका पडतो. ज्वालांचा प्रकाश मोजक्याच रेषांत एकवटलेला असल्याने त्या रेषा झळाळत राहतात. लॉकयर यांच्या डोक्यात ही कल्पना 1866 पासून होती. हवं तसं उपकरण हाती यायला 1868 चा ऑक्टोबर उजाडला आणि 20 ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, इंग्लंडात बसून त्यांनी त्या रेषा पाहिल्या. सूर्य अभ्यासायला ग्रहणाच्या चार-दोन मिनिटांची वाट पाहायची गरज उरली नाही, हे केवढं मोठं काम!

आता 'वायूचा शोध'. प्रत्येक मूलद्रव्याच्या वर्णपटातल्या रेषा ठरलेल्या असतात, त्यावरून ते ओळखता येतं. सापडली होती एक पिवळी रेषा, सुमारे 587.6 नॅनोमीटरवर, सोडियमच्या जोडरेषेच्या शेजारी पण तिच्यापासून वेगळी. ग्रहणाच्या दिवशीही ती काहींना दिसली होती, पण सोडियमचीच असावी असं वाटलं. लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांनी हायड्रोजनवर प्रयोग करून पाहिले. तो काही ही रेषा देईना. तेव्हा लॉकयर सूर्यात अनोळखी मूलद्रव्य आहे असं म्हणू लागले. बरेच रसायनशास्त्रज्ञ ते मानत नव्हते. 1895 मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे यांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेला वायू तपासला आणि तीच रेषा पृथ्वीवर दिसली.

राहिले ओटे. ते थोतांड नाहीत, फक्त त्यांना मेसेजातलं वर्ष चिकटवता येत नाही. 1871 च्या ग्रहणाला लॉकयर भारतात आले ते केरळात, बेकलला. विजयदुर्गावर ते आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौका मेल्पोमीनीचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. दुर्बिणी आणि कॅमेरे हलू नयेत म्हणून असे पक्के चौथरे लागतात. पण तोवर हेलियम प्रयोगशाळेत मिळून तीन वर्षं होत आली होती.

'नेचर' हे साप्ताहिक 1869 मध्ये सुरू करणाऱ्या आणि उतारवयात, 1912 मध्ये, सिडमथच्या टेकडीवर वेधशाळा उभारणाऱ्या या माणसाला खोट्या श्रेयाची गरज नाही. विजयदुर्गालाही नाही. आणि 1898 आठवायचंच तर आपल्या माणसालाही आठवा. त्याच ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला वेध घेत होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात त्यांनी वेधशाळा उभी केली होती. तिची दुर्बीण पुढे तमिळनाडूतल्या कोडाईकॅनालच्या सौर वेधशाळेत गेली. त्यांच्याबद्दलचा एकही मेसेज आमच्या ग्रुपवर मी पाहिलेला नाही.

यंदा 18 ऑगस्टचा मेसेज आला, तर त्यातली तारीख बदलून 22 जानेवारी 1898 करा, हेलियम काढा आणि मग खुशाल पुढे पाठवा.