ब्लोअर मारला म्हणून कापड फेकू नका

गाडी धुतल्यावर ती कोरडी कशी करायची, यावरचा एक सल्ला सध्या जो तो पुढे पाठवतो आहे. सल्ला असा: पालापाचोळा उडवायचा ब्लोअर घ्या आणि पाच मिनिटं गाडीवर मारा. कापड लावूच नका, ओरखडे कापडामुळेच येतात. पाण्याचे डागही पडणार नाहीत. गाडीला कोटिंग, म्हणजे रंगावर लावलेला संरक्षक थर, असो वा नसो, ब्लोअर कुठलाही असो, काम होतं.

मी स्वतः ब्लोअर वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. त्यामुळेच हा सल्ला कुणी जसाच्या तसा उचलू नये असं मला मनापासून वाटतं. त्यातला एकेक दावा तपासू.

‘ओरखडे कापडामुळेच येतात’

ओरखडा कापडाने उमटत नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या कणाने उमटतो. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ. मोह्सच्या मापावर त्याचा कठीणपणा ७, म्हणजे साध्या काचेवरही तो चरा पाडतो. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाड असतो. असा कण त्या थरावरून घासत गेला की काय होणार हे उघड आहे. उन्हात किंवा दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या गोल रेघा दिसतात, त्या याच.

पण हे घासणं सुरू कुठे होतं? बहुतेक वेळा धुतानाच. एकच बादली, तोच स्पंज चाकांना आणि तोच बोनेटला, खाली पडलेला स्पंज तसाच उचलून पुन्हा दारावर. अशी धुतलेली गाडी नंतर कितीही अलगद वाळवली तरी रेघा आधीच उमटलेल्या असतात. ज्याला ओरखड्यांची खरी काळजी आहे त्याने आधी नुसत्या पाण्याने माती सोडवावी, शाम्पूची बादली वेगळी आणि गाडी घासायचा हातमोजा खळबळायची बादली वेगळी ठेवावी. एवढं केलं की चांगला, स्वच्छ, जाड मायक्रोफायबर रंगाला त्रास देत नाही.

ब्लोअर गाडीला शिवत नाही, हे बरोबर आहे. पण तो जी हवा फेकतो ती आजूबाजूचीच असते. हवा आत घेण्याच्या जागी असलेली जाळी पानं अडवायला असते, धूळ तिच्यातून सहज जाते. शिवाय दाराच्या खालच्या भागावर मारलेला झोत जमिनीवर आदळतो आणि तिथली माती उठून ओल्या पत्र्यावर बसते. एकदा मी मोकळ्या मातीच्या जागेत गाडी धुतली आणि ब्लोअर मारला. नंतर राहिलेले थेंब कापडाने टिपायला गेलो तर हाताखाली किरकिर जाणवली. तोवर दोन हात फिरवून झाले होते. त्या दारावरच्या रेघा पॉलिश केल्यावरच गेल्या. फरशी किंवा काँक्रीट असेल, तेही आधी पाणी मारून ओलं केलेलं, तरच ब्लोअर काढावा असं मी तेव्हापासून ठरवलं.

‘डाग पडत नाहीत’

सल्ल्यातला सर्वांत जास्त फसवणारा भाग हा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

डाग पाण्याचा नसतो, पाण्यातल्या क्षारांचा असतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, ते मात्र पत्र्यावरच बसतात. एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम क्षार असतील तर ते लिटरभर पाणी गाडीवर सुकल्यावर तेवढेच्या तेवढे ३०० मिलिग्रॅम गाडीवर राहतात. पंखा, ऊन, ब्लोअर, कशानेही सुकवा, हिशेब बदलत नाही. म्हणजे पाणी गाडीवरून खाली पाडलं की टिपून घेतलं, की तिथल्या तिथे सुकवलं, यावर सगळं ठरतं.

ब्लोअर यातली दोन कामं एकाच वेळी करतो. मोठे थेंब तो ढकलून खाली पाडतो, त्यांच्याबरोबर क्षारही जातात. पण मागे उरलेला पाण्याचा पातळ पापुद्रा आणि बारीक थेंब तो तिथेच सुकवतो, आणि वारा लागल्याने ते लवकर सुकतात. गडद रंगाच्या गाडीवर धुरकट ठिपके दिसतात ते यामुळे. ते ताजे असताना निघतात. उन्हात तापत राहिले तर क्लिअर कोटमध्ये खोलवर उतरतात आणि मग पॉलिश केल्याशिवाय जात नाहीत.

‘कोटिंग असो वा नसो’ हेही इथेच कोसळतं. ताजं वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असलेल्या पत्र्यावर पाणी गोल थेंब होऊन उभं राहतं आणि झोतापुढे घरंगळत जातं. ते बघताना खरोखर समाधान वाटतं. या सल्ल्याबरोबर फिरणाऱ्या व्हिडिओंमधल्या गाड्या नीट पाहा, पाणी असंच पळताना दिसेल. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या, वॅक्स न लागलेल्या पत्र्यावर मात्र पाणी चादरीसारखं पसरून चिकटून बसतं. तिथे ब्लोअर ती चादर फक्त पातळ करतो. आपली गाडी कुठल्या प्रकारची आहे हे कळायला धुतलेल्या बोनेटवर एक मग पाणी ओतून बघितलं तरी पुरतं.

डाग टाळायचे तर ब्लोअरपेक्षा जास्त उपयोगी पडते शेवटच्या पाण्याची पद्धत. नळीची गन काढून टाका आणि नळी पत्र्याजवळ धरून छतापासून खाली सावकाश, अखंड पाणी सोडा. फवाऱ्याचे सुटे थेंब उरतात तसे इथे उरत नाहीत. वाहतं पाणी आपल्याबरोबर बरंचसं पाणी ओढून नेतं आणि पुसायला थोडंच शिल्लक राहतं. क्षार काढलेलं पाणी वापरणारे तर गाडी तशीच सुकू देतात, कारण मागे राहायला काहीच नसतं. हे सगळं सावलीत आणि पत्रा थंड असताना करावं, तापलेल्या बोनेटवर हात पोचेपर्यंत पाणी सुकलेलं असतं.

‘पाच मिनिटांत गाडी कोरडी’

वरचा पत्रा कोरडा दिसतो, एवढंच. आरसे, दिवे, काचेच्या पट्ट्या यांच्या फटींतून पुढचा बराच वेळ पाणी येत राहतं. शिवाय बॅटरीवरचे बरेच ब्लोअर पूर्ण जोरावर दहा-पंधरा मिनिटांत दम टाकतात.

‘कुठलाही ब्लोअर चालतो’

टू-स्ट्रोक पेट्रोल ब्लोअर गाडीजवळ आणूच नये असं माझं ठाम मत आहे. त्याच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, साधारण पन्नासास एक या प्रमाणात, आणि धुराबरोबर त्यातलं न जळलेलं ऑइलही बाहेर पडतं. नुकत्या धुतलेल्या पत्र्याशेजारी ते कशाला हवं? आवाजाचाही विचार करा. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही कानांसाठी सांगितली जाणारी मर्यादा, आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. गाडीभोवती फिरताना यंत्र कानापासून हातभरच असतं, तेव्हा कानांत बोळे हवेतच.

वायरवाला ब्लोअर साचलेल्या पाण्यात ओढत फिरवणं जिवाशी खेळ आहे. वापरायचाच तर ३० मिलिअँपिअर वीजगळतीला तुटणाऱ्या सर्किट ब्रेकरवरून, आणि वायरचा एकही जोड जमिनीवर न ठेवता. बॅटरीवाला यापेक्षा खूप बरा. कडक प्लास्टिकचं नोझल आरशाला किंवा दाराला लागलं की ओरखडा ठरलेला, म्हणून टोकाला रबर किंवा फोमचं आवरण चढवा. बागेत वापरलेला ब्लोअर असेल तर आधी गाडीकडे पाठ करून अर्धा मिनिट चालवा, नळीत अडकलेली धूळ बाहेर पडू द्या. खास गाडी वाळवायला बनवलेली यंत्रं मिळतात, त्यांत हवेला फिल्टर असतो आणि तोंड मऊ असतं. ती महाग पडतात, पण फरक खरा आहे.

याच्या उलट टोकाची भीतीही ऐकतो, की ब्लोअरने रंग उडतो. ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब साधारण दोन किलोपास्कल भरतो, वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पन्नासावा हिस्सा. प्रेशर वॉशरचं पाणी जवळून त्याहून कितीतरी जोराने आदळतं. धड असलेल्या रंगाला ब्लोअरचं भय नाही. क्लिअर कोट आधीच सुटत असेल किंवा स्टिकरची कड उचकटली असेल, तिथे तेवढं लांबून मारावं.

मग ब्लोअर कशाला?

जिथे कापड पोचत नाही तिथे. ग्रिल, आरशाचं घर, दाराच्या कड्यांमागची खाच, मागचा बिल्ला, पेट्रोलच्या झाकणाची खोबण, चाकांच्या नटांचे खड्डे, ब्रेक डिस्क. या जागी ब्लोअरला तोड नाही. पुसून चकाचक केलेल्या गाडीच्या आरशातून नंतर पाणी ओघळून दारावर पांढरी रेघ सुकलेली सगळ्यांनीच पाहिली असेल, ती याने थांबते. डिस्कवर तासा-दोन तासांत धरणारा नारिंगी गंज पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो आणि त्याने बिघडत काही नाही, तरी डिस्क लगेच वाळवली तर तो कमी धरतो.

मी चाकं आधी घेतो, कारण तिथून उडणारं मळकं पाणी दारांवर येतं आणि ते नंतर काढता येतं. मग फटी आणि खाचा, वरून खाली. त्यानंतर छतावर, बोनेटवर, काचांवर जाड मायक्रोफायबर आडवा पसरतो आणि न दाबता दोन कोपरे धरून ओढतो. पत्र्यावर आधी थोडा क्विक डिटेलर, म्हणजे पत्रा गुळगुळीत करणारा फवारा, मारला की कापड नुसतं सरकतं. हे कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि पाणी शोषणं कमी होतं. शेवटी चारी दारं आणि डिकी उघडून आतल्या कडा पुसतो, पण त्यासाठी जुनं कापड वेगळं ठेवलं आहे.