निळा धूर दिसला म्हणून लगेच इंजिन बदलू नका

गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "जुनी गाडी धूर सोडू लागली की इंजिन गेलं समजा. जाड ऑइल टाका, तापत असेल तर थर्मोस्टॅट काढून फेका, नाहीच भागलं तर भंगार बाजारातून इंजिन आणून बसवा, कामात पैसे घालवू नका."

"धूर म्हणजे इंजिन गेलं." कोणता धूर? काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर, कार्बोरेटर बघा. थंडीत सकाळी दोन मिनिटं येते ती नुसती वाफ. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या पातळ थरावर, संशय घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण ते आत शिरतं दोन वाटांनी: खालून पिस्टनच्या रिंगांच्या कडेने, नाहीतर वरून व्हॉल्व्हच्या, म्हणजे झडपांच्या, दांड्यांवरून. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक.

माझी मारुती 800 सकाळी पहिल्या स्टार्टला निळा लोट सोडायची, मग स्वच्छ. घाट उतरून खाली ॲक्सिलरेटर दिला की पुन्हा एक लोट. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता "बोअर-पिस्टन करावं लागेल" सांगून टाकलं, म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर घासायचे आणि पिस्टन-रिंगा नव्या टाकायच्या. दुसऱ्याने तिन्ही प्लग काढले, मला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला लावला आणि एकेका भोकात सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजायचा गेज धरला. तिन्ही आकडे चांगले, जवळपास सारखे. संशय रिंगांवरून उठून वर गेला. निघाली व्हॉल्व्हच्या दांड्यांवरून ऑइल उतरू न देणारी व्हॉल्व्ह सील: बोटाच्या पेराहून लहान सहा रबरी टोप्या, चिंचोक्यासारख्या कडक झालेल्या. एखादा आकडा कमी आला असता, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं असतं. चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

"जाड ऑइल टाका." धूर थोडा कमी दिसतो, हे खरं. झिजलेलं मात्र भरून येत नाही, आणि थंड इंजिनात असं ऑइल वर, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत, उशिरा पोचतं. गाडी विकायला काढलेल्यांचा हा आवडता उपाय आहे, हे जाता जाता.

"थर्मोस्टॅट काढा." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप. अडकला असेल तर नवा टाका. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. चोंदलेला रेडिएटर तर जसाच्या तसा.

"भंगारातलं इंजिन बसवा." बेअरिंग ठोकू लागलं असेल, ब्लॉकला तडा गेला असेल, तर हा सल्ला मीही देईन. पण इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि तो आरटीओत जाऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. 15 वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी नेली की तोच नंबर आडवा येतो. म्हणून पक्कं बिल घ्या. आणि पैसे मोजण्याआधी दुकानदाराला तिथेच बॅटरी लावून सेल्फ मारायला सांगा, गेज आपला घेऊन जा.