पाटकऱ्याविना बंधारा

परंपरेतून सरकारी धोरण घडवायचे तर परंपरेतले नेमके काय उचलायचे? महाराष्ट्रातल्या वादात हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. एका बाजूच्या मते पूर्वजांना सगळेच ठाऊक होते, दुसरीला ती सगळी सरंजामी अडगळ वाटते. नेदरलँडमध्ये बसून हे ऐकताना धुळे-नाशिककडची, बंधाऱ्याचे पाणी सामूहिक नियमाने वाटून घेण्याची फड पद्धत आठवते, कारण इथल्या ‘वाटरस्खाप’शी, म्हणजे पाणीमंडळांशी, तिचे गोत्र जुळते.

पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे घालून पाटाने शेती भिजवली गेली. बंधाऱ्याखालची जमीन साधारण चार फडांत विभागलेली, आणि एका हंगामात एका फडात एकच पीक. खरी हुशारी इथे आहे. पीक एकच असल्याने सगळ्या वावरांची तहानही एकाच वेळी आणि सारखी लागते, त्यामुळे मोजमापाची भानगड उरत नाही. पाटकरी, म्हणजे पाणी देणारा गडी, एका टोकापासून भिजवत निघतो, शेतकऱ्याने स्वतः बारे फोडून पाणी घ्यायचे नाही. पाऊस कमी झाला की उसाचा फड त्या वर्षी बंद. हे सगळ्यांना पटायचे, कारण ज्याची त्याची पट्टी शक्यतो प्रत्येक फडात असायची आणि तोटा वाटला जायचा.

मोडलेही तिथूनच. वाटण्या आणि विक्री होऊन एखाद्याची सगळी जमीन एकाच फडात उरली, की तो फड बंद करणे म्हणजे त्याचे अख्खे वर्ष बुडवणे. मग तो विहीर खणतो, पंप बसवतो, मनाला येईल ते लावतो. शेजारी वेगळे पीक आले की पाळी विस्कटते आणि पाटकऱ्याचे कुणी ऐकत नाही. बंधारा धडधाकट असून पद्धत कोसळते.

आपण धोरणात घेतला तो बंधारा. 2014 च्या डिसेंबरात आलेल्या जलयुक्त शिवार योजनेत नाले खोल झाले, पोकलेन चालली, साठा दिसला. पण साठलेले पाणी कुणी, किती आणि कोणत्या पिकाला घ्यायचे, हे बहुतेक ठिकाणी ज्याच्या त्याच्यावर सोडले. (फोटो नाल्याचा निघतो, नियमाचा निघत नाही.)

डचांनी उलटे केले. लायडनच्या रेनलंड मंडळाला 1255 साली राजमान्यता मिळाली. 1950 च्या सुमारास अशी अडीच हजारांहून जास्त मंडळे होती. 1953 च्या पुरात 1836 माणसे गेली, त्यानंतर विलीनीकरणाला जोर आला आणि आज 21 उरली आहेत. आकार आणि यंत्रे बदलली, पण जुना करार राहिला: ज्याचे हित गुंतले आहे त्याने पैसे द्यायचे, आणि देणाऱ्याला मत. मंडळ स्वतःचा कर लावते, दर चार वर्षांनी निवडणूक होते. शरद ऋतूत चाऱ्यांची पाहणी असते; आपल्या हद्दीतली चारी साफ केली नाही तर मंडळ ती करून घेते आणि बिल मालकाला पाठवते. तरी परंपरेची पूजा नाही: मंडळावरच्या उद्योगांच्या राखीव जागा 2022 च्या कायद्याने काढून टाकल्या. शेतकरी आणि निसर्गसंस्थांच्या मात्र राहिल्या, आणि त्यावर अजून भांडण चालू आहे.

महाराष्ट्राचा 2005 चा कायदा, शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याचा, कागदावर याच वाटेवरचा आहे. शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ (वरच्या, मधल्या, शेवटच्या) अशा तिन्ही भागांचे प्रतिनिधी, पाणी घनमापनाने, म्हणजे मोजून, वाटप संस्थेचे. नाशिकजवळच्या वाघाड प्रकल्पावर ते चालूनही दाखवले गेले. इतरत्र घोडे अडते ते पाटबंधारे खात्याकडून संस्थेकडे हस्तांतराच्या दिवशी. गळकी वितरिका (कालव्याची फाट) दुरुस्त न करता संस्थेच्या माथी मारली जाते, वाहते पाणी मोजायची पन्हळ, म्हणजे फ्लूम, नसते किंवा गाळाने भरलेली असते. मग घनमापनाचा हिशेब अंदाजाने होतो, संस्था बिल नाकारते, आणि काही जण पुन्हा खात्याकडे पाणी मागायचा जुना 7 नंबरचा अर्ज घेऊन शाखा कार्यालयात उभे राहतात. म्हणून क्रम पाळावा: आधी संयुक्त पाहणी, मग दुरुस्ती, मग फ्लूम बसवून एका आवर्तनाची (पाण्याच्या एका पाळीची) चाचणी, सही सगळ्यात शेवटी.

परंपरेतले सगळेच घ्यावे असे मात्र नाही. पाण्याची आपली परंपरा म्हणजे महाडचे चवदार तळेही. 1924 मध्ये नगरपालिकेने ते खुले केले, तरी पाणी पिण्यासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. फडातही ज्याला जमीन नाही त्याला वाटा नव्हता. तो वाटा दिला पुरंदर तालुक्यात नायगावच्या विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने, 1972 च्या दुष्काळानंतर: पाणी जमिनीवर नाही, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, ऊस बंद, भूमिहीनालाही हक्क, आणि जमीन विकली तरी पाणी तिच्यासोबत जाणार नाही. यातले काहीच जुने नव्हते. 2005 च्या कायद्यात सभासदत्व आजही लाभक्षेत्रात जमीन असणाऱ्यालाच आहे.