साक्षीदार खोटं बोलले का मग?

पुण्याच्या मावसभावानं फॅमिली ग्रुपवर हेच विचारलं, २१ जुलै २०२५ ला हायकोर्टानं मुंबईच्या ७/११ लोकल बॉम्बस्फोट खटल्यात साक्षीदारांवर विसंबता येत नाही म्हणत बाराही जणांची शिक्षा रद्द केली तेव्हा. २००६ मध्ये १८९ माणसं गेली, बाबा रोज त्याच वेस्टर्न लाइननं यायचे, त्यामुळे दादाचा राग मला समजतो.

मी इंग्लंडला राहते, पासपोर्ट भारताचाच, पण कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आमचं नाव इथल्या मतदारयादीत असतं आणि म्हणून मलाही ज्यूरीत, म्हणजे आरोपी दोषी की नाही ते ठरवणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळात, बसायचं पत्र आलं. आतल्या खोलीत काय बोललो ते सांगणं गुन्हा आहे, ते नाहीच सांगत. पण उघड्या कोर्टात एका बाईंनी आरोपीकडे बोट दाखवलं, हात जरासुद्धा थरथरला नाही, मला वाटलं झालं, संपली केस. नंतर जज आमच्याकडे वळले आणि अगदी सावकाश म्हणाले की प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, आणि चुकलेला माणूससुद्धा तितकाच ठाम वाटतो. किती वेळ पाहिलं, किती लांबून, उजेड कसा होता, मधे काही आडवं होतं का, आधीची ओळख होती का, पोलिसांना पहिल्यांदा सांगितलेलं वर्णन जुळतं का, एकेक करून बघा. ही सूचना इथल्या कोर्टाच्या १९७६ च्या टर्नबुल निकालातून आलीय, साक्षीदारानं आरोपीला ओळखण्यावरच उभ्या असलेल्या खटल्यात जज ती द्यायला विसरले तर अपिलात शिक्षा सहसा टिकत नाही.

आपल्याकडे ज्यूरीच नाही, म्हणजे जजनं हे स्वतःलाच बजावायचं. हायकोर्टानं तेच केलं, आरोपीला टॅक्सीतून नेलं अशी साक्ष देणाऱ्या टॅक्सीवाल्याला शंभर दिवसांनंतर एका पॅसेंजरचा चेहरा लक्षात राहायचं कारण काय, आणि ओळख परेड (रांगेतल्या माणसांतून साक्षीदारानं आरोपी ओळखायचा) घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घ्यायचा अधिकार तरी होता का? (सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्येच हा निकाल दुसऱ्या केसेसमध्ये दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली.) मला त्रास होतो तो याचा की २०१५ मध्ये पाच जणांना फाशी सुनावताना खालच्या कोर्टाला हे प्रश्न अडले नाहीत.

इथेही चुका होतातच. अँड्र्यू माल्किन्सन नावाचा माणूस ओळख पटवणाऱ्या साक्षींवर दोषी ठरला, १७ वर्षं आत होता, २०२३ मध्ये डीएनएमुळे त्याची शिक्षा रद्द झाली, आणि कितीतरी वर्षं खऱ्या माणसाला कोणी शोधतच नव्हतं.

त्यामुळे दादा, टॅक्सीवाला खोटं बोलला असं मी म्हणतच नाहीये, तू फक्त विचार की त्या शंभर दिवसांत तो पोलिसांकडे का गेला नव्हता.