कुरळे केस परत यायला काय लावलंस?

नवा फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये हा एकच प्रश्न येतोय. एकेकीला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते. काही नाही लावलं. म्हणजे लावलं पुष्कळ, पण त्यातल्या कशानेही केस कुरळे झाले नाहीत. मुळातून जसे येत होते तसे येऊ दिले आणि खालचे सरळ केलेले कापत गेले. याला दुसरा रस्ता नाही. ज्या बाटलीवर 'कर्ल रिस्टोअर' लिहिलेलं असतं, ती तुमची घाई ओळखून भरलेली असते.

माझी मुख्य तक्रार अशी, की हे आधी कुणी सांगत नाही. केस सरळ करायला खुर्चीत बसलं की सूचनांची रांग लागते. इतके दिवस धुवायचे नाहीत, कानामागे अडकवायचे नाहीत, क्लिप लावायची नाही, झोपताना मोकळे सोडायचे. पण "हे जितक्या लांबीवर लावतोय तितक्या लांबीवर कायमचं आहे, उद्या नको वाटलं तर कापण्यावाचून इलाज नाही," हे वाक्य मी एकाही सलूनमध्ये ऐकलेलं नाही. त्याऐवजी "मुळं वाढली की टचअपला या" हे मात्र जाता जाता आठवणीने सांगतात.

आता हे कायमचं का, ते बघू. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत कारभार सगळा त्वचेच्या आत. केस सरळ येणार की कुरळा, हे मुळाच्या पिशवीच्या घडणीवर ठरतं आणि तो वळण घेऊनच बाहेर पडतो. केसाच्या आत केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्या असतात आणि त्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना जखडलेल्या असतात. रीबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट (थोडक्यात थायो) लावून हे बंध तोडतात, इस्त्रीने केस सपाट करतात आणि मग न्यूट्रलायझर लावून (त्यात बहुतेकदा हायड्रोजन पेरॉक्साइड असतं) नव्या जागी पक्के बांधून टाकतात. रिलॅक्सर हे केस सरळ करणारं दुसरं रसायन, त्याहून जहाल. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, पीएच १२ ते १४, म्हणजे फारच तीव्र अल्क. तो बंधातला एक गंधकच काढून घेतो. मागे लँथिओनिन नावाचं जे काही उरतं, त्याचा पुन्हा मूळचा बंध होत नाही. 'नो-लाय' म्हणून जो प्रकार मिळतो त्यात कॉस्टिक सोड्याऐवजी कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट असतं. टाळूची आग जरा कमी होते, केसाच्या बाबतीत परिणाम तोच.

हे वाचून कुणी म्हणेल, मग थायोनेच उलटं वळवून घ्यावेत, पर्म करावं. कृपा करून नको. विशेषतः रिलॅक्सर केलेल्या केसांवर थायो किंवा थायो केलेल्यांवर रिलॅक्सर कधीही लावायचं नसतं. दोन्हींचं रसायन एकमेकांशी जुळत नाही, केस तुटून हातात येतात.

केराटिन आणि स्मूदनिंग या नावांखाली काय काय खपवतात याला मात्र धरबंद नाही. काही प्रकार केसांवर नुसता थर चढवतात, तो धुण्यागणिक उतरतो आणि काही महिन्यांत बटा पुन्हा दिसू लागतात. (इस्त्रीच्या उष्णतेने केस भाजला असेल तर तेवढंही नशिबात नसतं.) काही ठिकाणी 'स्मूदनिंग' म्हणत सरळ थायोच लावतात. म्हणून ट्रीटमेंटचं गोंडस नाव विचारून उपयोग नाही. बाटली हातात घ्या आणि मागचे घटक वाचा.

तर हिशोब असा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा सेंटिमीटर. हा वेग कुठल्याही तेलाने दुप्पट होत नाही. कुरळ्यांचं आणखी एक दुखणं म्हणजे आकसणं. ओढून धरला तर हनुवटीपर्यंत येणारा केस सोडल्यावर टुणकन कानापाशी जाऊन बसतो. त्यामुळे वर्षभर वाट पाहिल्यावरही आरशात काहीच वाढलेलं दिसत नाही आणि बऱ्याच जणी इथेच कंटाळून परत खुर्चीत जाऊन बसतात.

खरी कसोटी मधल्या काळाची असते. सुरुवातीला डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त बोटांना कळतं. भांगाजवळ बोट फिरवलं की मुळाशी खरखरीत, जाडसर, नागमोडी काहीतरी लागतं आणि थोडं खाली आलं की एकदम गुळगुळीत, सपाट. एकच केस दोन बोटांच्या चिमटीत धरून वरून खाली ओढत आणा, कुठे बदलतो ती जागा अचूक सापडते. केस सगळ्यात अशक्त असतो तोही नेमका तिथेच. ओल्या केसात कंगवा घातला की गुंता त्या सांध्यावर येऊन अडतो आणि जरा जोर लागला की कट्ट. बेसिनमध्ये लांब केस पडले तर ते गळणं समजावं, मुळासकट आलेले. पण मला दिसायचे ते बोटभर लांबीचे तुकडे, एका टोकाला किंचित वळलेले आणि दुसऱ्या टोकाला सरळ. सांध्यावर तुटले की असेच पडतात.

यावर उपाय साधाच आहे, फक्त कंटाळवाणा. केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. भरपूर कंडिशनर लावून, ओलेच, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवायचे. टोकांकडून सुरू करून हळूहळू वर जायचं. भांगापासून खाली खसकन कंगवा ओढण्याची जी सवय हाताला लहानपणापासून लागलेली असते ती मोडायला केस वाढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. इस्त्री बंद. दोन पोत लपवायला रोज घट्ट अंबाडा किंवा ताणून पोनी बांधण्याचा मोह होतो, तोही आवरा, कारण सतत ताण पडून कपाळावरचे आणि कानशिलाजवळचे केस विरळ होतात आणि फार काळ ताण राहिला तर त्या जागी पुन्हा उगवत नाहीत. सैल वेणी, पीळ घालून वाळवलेल्या बटा, स्कार्फ, काहीही चालेल.

खोबरेल तेलाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलने कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं, बाकीची बाहेरच राहतात. म्हणजे आजी बरोबर होती. पण ते केसांसाठी, टाळूसाठी नव्हे. कोंडा होत असेल तर टाळूवर तेल थापून तो वाढतो, कारण कोंड्यामागची बुरशी तेलकटपणावरच जगते.

इथवरचं सगळं कामाचं. आता जरा मनातलं.

सरळ केसांवरून कुरळ्यांकडे येण्याची ही जी पद्धत आज आपण व्हिडिओंतून शिकतो, ती मुळात अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी घडवली आहे. ट्रान्झिशन (थोडे थोडे कापत वाढवणं) त्यांचं, बिग चॉप (सरळ केलेले सगळे एकदम कापणं) त्यांचा, रात्री साटिनची टोपी घालून झोपणं त्यांचंच. आणि त्यांच्यासाठी हा हौसेचा मामला नव्हता. १९१०च्या सुमारास गॅरेट मॉर्गन या काळ्या संशोधकाने केस सरळ करणारी क्रीम बाजारात आणली. शिलाई यंत्राची सुई तापून लोकर जळू नये म्हणून तो एक द्रव करत होता, तो ज्या कापडाला पुसला त्याचे तंतू सरळ झालेले दिसले, आणि मग शेजाऱ्याच्या कुत्र्यावर प्रयोग करून पाहिला, असं सांगतात. (हाच माणूस पुढे १९२३ मध्ये ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट घेतो. डोकं भलत्याच दिशांना चालायचं त्याचं.) पुढे पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या बायकांनी टाळू भाजून घेत केस सरळ केले, कारण त्याशिवाय नोकरीत 'नीटनेटकी' समजत नसत. साठच्या दशकात अफ्रो, म्हणजे कुरळे केस तसेच गोल फुलवून ठेवणं, राजकीय झाला तो याच रागातून. काळ्या लोकांच्या केसांच्या पोतावरून किंवा केशरचनेवरून भेदभाव करायला मनाई करणारा क्राउन कायदा कॅलिफोर्नियाने केला, तो तर थेट २०१९ मध्ये, आणि तसं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य होतं. तेव्हा कुरळ्या केसांचे धडे घेताना ते कुणाकडून घेतोय एवढं तरी ध्यानात असू द्यावं.

तब्येतीचा मुद्दाही टाळता येत नाही. केस सरळ करण्याच्या काही रसायनांतून निघणारा फॉर्माल्डिहाइड वायू माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलं. 'फॉर्माल्डिहाइड-फ्री' लिहिलेल्या स्मूदनिंगच्या बाटल्यांतही तो सापडला म्हणून अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याला २०११ मध्ये सलूनना इशारा द्यावा लागला. २०२२ मध्ये तिथल्या ३३,४९७ बायकांचा सुमारे अकरा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं, वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, आणि धोका अजूनही शंभरात चारच्या आसपास आहे. घाबरून जायचं काम नाही. पण ज्या खोलीत धूर डोळ्यांना झोंबतो, तिथे दिवसभर उभं राहून दुसऱ्यांचे केस सरळ करणाऱ्या मुलींचा विचार खुर्चीत बसलेलीने करायला हरकत नाही. आपण वर्षातून एकदा जातो, ती रोज तिथे असते.

इतकं सगळं लिहूनही मी 'नॅचरल'वाल्यांच्या कळपात नाही, हे सांगितलेलं बरं. तिकडचं सोवळंही काही कमी नाही. शाम्पूतला सल्फेट लागला की विटाळ, कंडिशनरमधलं सिलिकोन म्हणजे पाप, एका ग्रुपवर तर एका बाईने कंगवा वापरते म्हटल्यावर तिला अक्षरशः फैलावर घेतलं. अहो, जाड जेल आणि क्रीमचे थर चढल्यावर अधूनमधून चांगला फेस येणारा शाम्पू लागतोच, नाहीतर टाळू खाजून जीव नकोसा होतो. आणि बाजार इथेही हजर आहे. जे लोक काल सरळ करायची क्रीम विकत होते ते आज कर्ल क्रीम, कर्ल जेली, कर्ल रीफ्रेशर विकतात. बॉन्ड बिल्डर नावाचा, तुटलेले बंध जोडतो म्हणून विकला जाणारा नवा प्रकार केसाला थोडी ताकद देत असेल, गेलेलं वळण देत नाही. कंडिशनर, एक जेल आणि धीर, एवढ्यावर माझं भागलं. बाकीच्या बाटल्या कपाटात आहेत.

आणि जिला सरळच केस आवडतात तिने खुशाल सरळ करावेत. डोकं तिचं. तिला आधी सगळं खरं सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे. माझा विरोध आहे तो सात-आठ वर्षांच्या पोरींचे केस सरळ करून आणण्याला. "सकाळी वेळ नसतो, विंचरताना रडते" हे कारण मला कळतं, मीही त्या रडणाऱ्यांतलीच. पण ती रडते कोरड्या केसांत बारीक दातांची फणी घातल्यामुळे. ते दहा मिनिटांत बदलता येतं. आपले केस मुळात कसे आहेत हे तिला कळायच्या आधीच ते घालवून टाकायचा अधिकार आईलाही नसावा, असं माझं ठाम मत आहे. यावर वाद घालायचा असेल तर कमेंटमध्ये या.

आता कापण्याबद्दल, कारण शेवटी गाडी तिथेच येते. एकदम सगळे कापायचे की थोडे थोडे, हे ज्याच्या-त्याच्या धीरावर. एकदम कापले की दोन पोतांची कटकट त्याच दिवशी संपते, पण आरशातल्या नव्या बाईशी ओळख व्हायला वेळ लागतो, आणि "काय गं, बरी आहेस ना?" असं काळजीने विचारणारे भेटतातच. मी थोडे थोडे कापले, कारण मला त्या प्रश्नाला रोज उत्तर द्यायचं नव्हतं. नवे केस निदान बोटाभोवती एक पूर्ण वेढा घेतील इतके होईपर्यंत थांबावं, म्हणजे कापल्यावर आपलं वळण नेमकं कसं आहे ते दिसतं. ते लहानपणीच्या फोटोसारखंच असेल असं नाही. वयाने, हार्मोन्सने, बाळंतपणाने ते बदलतं. पुढे वेगळं, मागे वेगळं, असंही असतं.

कापायला जाल तेव्हा आधी फोनवर विचारा: कुरळे केस कोरडे असताना, बट बघून कापता का? ओले करून ताणून कापले तर वाळल्यावर एक बाजू वर जाते. आणि "आधी जरा आयर्न फिरवते, म्हणजे लेव्हल नीट येईल," असं कापणारी म्हणाली तर उठून सरळ घरी या.