रशियाला बेदाणा पाठवणं बेकायदा आहे का? एक खुलासा

तासगाव-सांगली भागातल्या बेदाणा आणि हळदीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘संयुक्त राष्ट्रांनी रशियावर निर्बंध घातलेत, त्यामुळे तिकडे माल पाठवणं बेकायदा आहे.’ हे खोटं आहे.

संयुक्त राष्ट्रांचे बंधनकारक निर्बंध सुरक्षा परिषद ठरवते आणि तिथे असा ठराव रोखण्याचा नकाराधिकार रशियाकडेच आहे. २०२२च्या युक्रेन हल्ल्यानंतरचे निर्बंध अमेरिका, युरोपीय संघ, ब्रिटन, जपान अशांनी आपापल्या कायद्यांनी घातले. भारत त्यात नाही. शिवाय शेतमालाला त्यांनीही बऱ्यापैकी मोकळीक ठेवली आहे.

मग रशियाला पाठवलेल्या मालाचे पैसे का अडकतात? मेख बँकेत आहे. मार्च २०२२मध्ये काही रशियन बँका स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे देशोदेशीच्या बँका एकमेकींना पैशांच्या व्यवहाराचे संदेश पाठवतात त्या जाळ्यातून, काढल्या गेल्या. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेने रशियाच्या युद्धउद्योगाला मदत करणाऱ्या परदेशी बँकांनाही कारवाईचा इशारा दिला. डॉलरचे व्यवहार गमावण्याची भीती कुठल्याही बँकेला असते, म्हणून सरळ सौद्याचीही कागदपत्रं पुन्हा पुन्हा तपासली जातात. इराणचं उदाहरण बघा. २०१९मध्ये अमेरिकेने आपल्या निर्बंधांतून इराणी तेल खरेदीला दिलेली सवलत काढली आणि भारताने इराणी तेल घेणं थांबवलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांची तशी बंदी नव्हती. दुसऱ्याच्या भांडणाची झळ आपल्या शेतकऱ्याला बसते, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा घाबरून सौदा मोडू नका. खरेदीदाराची बँक निर्बंधांच्या यादीत आहे का, हे आधी आपल्या बँकेच्या परकीय चलन विभागात विचारा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२पासून रुपयात व्यवहाराची सोय केली आहे, तीही विचारून घ्या.